कमी फेऱ्यांतले बळ

माइल्ड हायब्रिड गाडीतली विजेची मोटर एकटीने गाडी हलवू शकत नाही; ती फक्त इंजिनाला मदत करते. बहुधा इंजिनाच्या कडेला, पट्ट्याच्या आधाराने ती फिरते. पूर्वी त्या जागी अल्टरनेटर असे. बॉनेट उघडून पाहणाऱ्याला ती वेगळी अशी ओळखूही येत नाही.

१२ व्होल्टच्या साध्या रचनेत तिची ताकद दोन-अडीच किलोवॅट असते. शेजारचे दीड लिटरचे पेट्रोल इंजिन सुमारे ७५ किलोवॅटचे. अशा तीस मोटरी एकत्र केल्या तर एक इंजिन भरेल. आकडे पाहून कोणीही म्हणेल, ही मदत नावापुरती आहे.

पण ७५ किलोवॅट हा आकडा मिनिटाला ६,००० फेऱ्यांचा आहे. तिथवर बहुतेक चालक कधी जातच नाहीत. शहरातले इंजिन हजार-दीड हजार फेऱ्यांवर जगते. हजार फेऱ्यांवर त्याच इंजिनाची ताकद १० किलोवॅटच्या आसपास उरते. तिथे दोन किलोवॅट म्हणजे पाचवा हिस्सा.

माणसाचे मोल त्याच्या शिखरावरून ठरवण्याची रीत आहे. आयुष्य कमी फेऱ्यांवर जाते.

इंजिनाला जोर धरायला हवा लागते. हवा ओढायला फेरे लागतात. फेरे वाढायला जोर लागतो. आरंभी यातले काहीच पुरेसे नसते. टर्बो बसवलेल्या इंजिनात ही अडचण अधिक उघडी पडते. बाहेर पडणाऱ्या गरम वायूने टर्बाइन फिरायचे आणि त्या बळावर जास्तीची हवा आत कोंबायची. पण तो वायू पुरेसा निघायचा तर आधीच पुरेसे इंधन जळलेले असावे लागते. ज्याला बळ हवे त्याच्याकडे आधी बळ असावे लागते. कर्ज, शिक्षण, प्रतिष्ठा यांचे व्यवहारही याच वर्तुळात फिरतात. हे वर्तुळ आतून लवकर तुटत नाही. बाहेरून कोणाचा तरी हात लागावा लागतो.

मोटरीचा स्वभाव उलटा. जागेवर उभी असतानाच तिचा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, सर्वाधिक असतो. वीज मिळताच ती सगळा जोर लावते. फेरे वाढत गेले की तिच्याच वेटोळ्यांत उलट दिशेचा विद्युतदाब तयार होतो, येणारा प्रवाह अडतो, जोर ओसरतो. तिला मर्यादा घालतो तो तिचा स्वतःचा वेग.

काही माणसे आरंभाची असतात. काम उभे राहीपर्यंत ती सर्वांच्या पुढे असतात. ते धावू लागले की ती मागे पडतात, आणि लोक त्यांना धरसोड वृत्तीची म्हणतात. भरलेली हातगाडी मंडईतून बाहेर काढणारा हमाल पहिल्या चार पावलांसाठी कोणाचा तरी हात मागतो. पुढे तो एकटा जातो. तो हात शंभर पावले लागून राहिला तर अडचणच होईल. सोडून देण्याची वेळ कळणे हाही मदतीचाच भाग आहे. पुष्कळ भल्या माणसांना तो साधत नाही.

*

१९९९ साली होंडाने इनसाइट ही छोटी गाडी आणली. एक लिटरचे, तीन सिलिंडरचे इंजिन. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये जेमतेम सहा सेंटिमीटर जाडीची मोटर. इंजिनाची शक्ती ६७ अश्वशक्ती, मोटरीची सुमारे १३. दोन्ही मिळून सांगितलेला आकडा मात्र ७३.

बेरीज ८० भरायला हवी होती. उरलेल्या सात कुठे हरवल्या नव्हत्या. इंजिनाचे शिखर ५,७०० फेऱ्यांवर होते, मोटरीचे त्याच्या बरेच खाली. दोन शिखरे एका जागी नसली की त्यांची बेरीज करता येत नाही.

त्या गाडीचा दुसरा आकडा अधिक बोलका आहे. एकट्या इंजिनाचा टॉर्क ८९ न्यूटन-मीटर होता, तोही ४,८०० फेऱ्यांवर. मोटर जोडीला आली की तो १२३ होई, आणि २,००० फेऱ्यांवरच मिळे. शक्तीत नऊ टक्क्यांची भर. टॉर्कमध्ये अडतीस टक्क्यांची, आणि ती निम्म्याहून कमी फेऱ्यांवर. जाहिरातीत शक्तीचा आकडा मोठ्या अक्षरांत असतो. चालवणाऱ्याच्या पायाला कळतो तो दुसरा. तो त्याला ‘पिकअप’ म्हणतो आणि त्याचे श्रेय इंजिनाला देतो.

दोन माणसे एकत्र आली की लोक त्यांच्या कर्तृत्वाची बेरीज मांडतात. टिकलेल्या संसारात आणि टिकलेल्या संस्थेत ही बेरीज नेहमी कमी भरते. एकाचे बळ जिथे ओसरते तिथे दुसऱ्याचे सुरू होते, म्हणून ती टिकलेली असतात. ज्यांची शिखरे एकाच जागी आली अशी जोडपी पाहण्यात आहेत. त्यांच्या दऱ्याही एकाच जागी आल्या.

*

मोटर शक्ती देते. ऊर्जा तिची नसते. माइल्ड हायब्रिड गाडीला भिंतीवरच्या प्लगशी काही घेणेदेणे नाही. तिची सगळी ऊर्जा पेट्रोलच्या टाकीतून येते. मोटर जे देते ते तिने आधी गाडीकडूनच घेतलेले असते. सिग्नलपाशी वेग उतरताना, छोट्या उतारावर, ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला जातो त्या क्षणी.

यात कमीपणा नाही. एकाने दुसऱ्याला दिलेला धीर त्यालाही कधीतरी कोणीतरी दिलेला असतो. नवे फारसे काही निर्माण होत नाही. एका क्षणी वाया जाणारे दुसऱ्या क्षणापर्यंत जपले जाते, आणि तेवढे पुष्कळ असते.

१,२०० किलोची गाडी ताशी ६० किलोमीटरने धावते तेव्हा तिच्या गतीत सुमारे १६७ किलोज्यूल ऊर्जा असते. पुढे लाल दिवा दिसतो. दहा सेकंदांत गाडी थांबते. दोन किलोवॅटची मोटर त्या दहा सेकंदांत फार तर २० किलोज्यूल परत मिळवते. आठवा हिस्सा. बाकीची ऊर्जा ब्रेक तापवण्यात, हवेत आणि टायरांत संपते.

आधीच्या गाड्यांत हा आठवा हिस्साही जात होता. कोणाला त्याची हळहळ नव्हती. रोजचे नुकसान नुकसान वाटत नाही. ते खर्चाच्या रकान्यात जाऊन बसते आणि तिथून त्याला कोणी उठवत नाही.

परत मिळवण्यातली अडचण बहुधा घेणाऱ्याकडे असते. शिसे आणि आम्लाची जुनी बॅटरी संथपणे भरते. जोराने आलेला प्रवाह तिला झटकन पचत नाही, आणि ब्रेकचा अवधी तर सेकंदांचा. म्हणून २०१८ साली मारुती सुझुकीने सियाझ या गाडीच्या पेट्रोल इंजिनाला ही रचना दिली तेव्हा जुन्या बॅटरीच्या जोडीला लिथियम-आयनची एक छोटी बॅटरी आली. अशा बॅटरीची साठवण सत्तर वॅट-तासांच्या आसपास. दोन किलोवॅटने वापरली तर दोन मिनिटांत रिकामी होईल. पण ती चटकन घेते आणि चटकन देते. या कामाला तेवढाच गुण लागतो.

आपल्याला देणारे कमी भेटले, असे म्हणणारी माणसे पुष्कळ असतात. त्यांच्यापैकी अनेकांचा घेण्याचा वेग कमी पडलेला असतो. मोठा माणूस थोडा वेळ भेटतो, दोन वाक्ये बोलतो, निघून जातो. त्या वेळात आत घेता आले तेवढे आपले. एका वृद्ध शिक्षकांच्या शेवटच्या भेटीबद्दल मला हे पुन्हा पुन्हा वाटत आले आहे.

*

फिरवले तर वीज देणारे यंत्र वीज दिली तर फिरू लागते, हे १८७३ च्या व्हिएन्नाच्या प्रदर्शनात लोकांनी डोळ्यांनी पाहिले. झेनोब ग्राम यांची दोन यंत्रे तारेने जोडलेली होती. एक फिरवले की दुसरे फिरे. दोघांच्या बनावटीत भेद नव्हता. भेद होता तो प्रवाह आत येतो की बाहेर जातो, एवढाच.

माणसांचीही देणारी आणि घेणारी अशी वाटणी केली जाते. दोन्ही वेळी माणूस तोच असतो.

दिशा बदलणे मात्र सोपे नसते. साध्या अल्टरनेटरच्या पट्ट्याची एक बाजू कायम ताणलेली असते आणि दुसरी कायम सैल. सैल बाजूला ताण देणारी एक कप्पी बसवली की काम भागते. माइल्ड हायब्रिडमध्ये ते भागत नाही. मोटर वीज घेऊन इंजिनाला ढकलू लागली की ताणलेली बाजू सैल पडते आणि सैल बाजू ताणते. पाय उचलला की पुन्हा उलट. गर्दीच्या रस्त्यावर हे सतत चालू असते. म्हणून दोन्ही बाजू सांभाळणारा वेगळा टेन्शनर लागतो, पट्टाही अधिक मजबूत लागतो. मोटरीच्या आकड्यांची चर्चा करणारे या पट्ट्याबद्दल सहसा बोलत नाहीत. माझ्या मते या सगळ्या रचनेतली सर्वांत विचारपूर्वक केलेली गोष्ट तीच आहे.

नात्यांची दिशा बदलते तेव्हा नेमकी ही तजवीज नसते. वर्षानुवर्षे जो सांभाळत आला त्यालाच सांभाळण्याची वेळ येते. माणसे तीच, पट्टा तोच. ताणाची बाजू बदललेली असते. मुलगा बापाला औषध देतो आणि बाप ते घेताना नजर चुकवतो. दोघांच्याही मनात प्रेम असते. तरी काहीतरी कुरकुरते, घसरते, कधी सुटते. अशी घरे तुटली की लोक स्वार्थ शोधतात, कृतघ्नता शोधतात. पुष्कळ वेळा त्यातले काहीच नसते. उलटा ताण येणार आहे हे धरून ते नाते कोणी बांधलेलेच नसते.

*

एकाच यंत्राने इंजिन फिरवायचे आणि वीजही करायची, हे काम नवे वाटते. ते जुने आहे. १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये चार्ल्स केटरिंग यांचा विजेचा स्टार्टर आला. तोवर इंजिन हँडल मारून सुरू करावे लागे. हँडल उलटे बसले तर हाड मोडे. ज्याच्या दंडात बळ नाही त्याच्यासाठी पेट्रोलची मोटारगाडी नव्हती. मोटरीने इंजिन फिरवायचे तर ती फारच मोठी लागेल, अशी शंका घेतली जाई.

केटरिंग त्याआधी नॅशनल कॅश रजिस्टर कंपनीत होते. दुकानातल्या गल्ल्याच्या यंत्राला त्यांनी मोटर बसवली होती. तिथे क्षणभर मोठा जोर लागतो आणि मग मोटर विसावते. लहान मोटरीवर तिच्या ताकदीबाहेरचा भार थोड्या वेळासाठी टाकता येतो, हे त्यांना त्या कामातून ठाऊक होते. तेच त्यांनी गाडीत आणले.

माणूसही थोडा वेळ आपल्या ताकदीबाहेरचे पेलतो. त्या प्रसंगानंतर तो भार कायमचा त्याचाच धरला जातो. घरातल्या मोठ्या संकटात जी उभी राहिली, तिलाच पुढे प्रत्येक संकटात उभे केले जाते. ती कणखर आहे असे सगळे म्हणतात. तिला विसावा लागतो, हे यंत्राच्या बाबतीत कोणी विसरले नसते. हा अन्याय आहे, आणि तो कौतुकाच्या भाषेत होतो म्हणून वर्षानुवर्षे चालतो.

त्या कॅडिलॅकमधले यंत्र इंजिन सुरू झाल्यावर जनित्र होत असे. सुरू करताना २४ व्होल्ट, बॅटरी भरताना ६ व्होल्ट. पुढे ही दोन कामे दोन यंत्रांकडे गेली. स्टार्टर वेगळा झाला, डायनॅमो आणि नंतर अल्टरनेटर वेगळा. ते स्वस्त होते आणि दुरुस्तीला सोपे होते. शतकाच्या अंतराने ही कामे पुन्हा एका यंत्रात आली, कारण दर क्षणी दिशा ठरवणारे इलेक्ट्रॉनिक नियंत्रण आता हाताशी होते. जुनी कल्पना चुकलेली असतेच असे नाही. तिला सांभाळणारे कोणी तिच्या काळात नसते.

पट्ट्यावर चालणाऱ्या पुष्कळ रचनांत सकाळचा पहिला सेल्फ अजूनही जुना स्टार्टरच मारतो. रात्रभर थंड पडलेल्या इंजिनात तेल घट्ट झालेले असते. पट्ट्याच्या जोरावर ते फिरवणे कठीण. इंजिन एकदा तापले की दिवसभर सिग्नलवर बंद पडणे आणि पुन्हा सुरू होणे हे काम मोटर करते, आणि दातेरी चाकांचा खरखराटही होऊ देत नाही. कठीण पण एकदाचे काम आणि सोपे पण सततचे काम, या दोन निराळ्या योग्यता आहेत. समारंभात पहिलीचा सत्कार होतो. घर दुसरीवर चालते.

*

लांब चढ हा या मोटरीचा प्रांत नाही. खोपोलीकडून खंडाळ्याकडे बोरघाट चढताना छोटी बॅटरी सुरुवातीलाच देता येईल तेवढे देऊन मोकळी होते. पुढचा घाट इंजिन एकटे चढते. उतरताना उलट घडते. थोड्याच अंतरात बॅटरी भरते, आणि मग उतार कितीही उदार असला तरी घ्यायला जागा उरत नाही. पाचशे मीटर उंची उतरणाऱ्या १,२०० किलोच्या गाडीकडे दीड युनिट विजेहून अधिक ऊर्जा असते. त्या बॅटरीत मावतो तो एका युनिटाचा चौदावा हिस्सा.

लहान मदत लहान अडचणींसाठी असते. दीर्घ आजारात शेजारी येतात, डबा आणतात, दोन रात्री जागतात. पहिल्या काही वळणांनंतर माणूस एकटाच चढत असतो. त्याला शेजाऱ्यांचा राग येतो. त्यांच्याकडे होते तेवढे त्यांनी दिलेले असते. त्यांची बॅटरी लहान होती. मन लहान होते असे नाही.

सुखाच्या बाबतीतही ते खरे आहे. ओसंडून देणारे दिवस येतात तेव्हा साठवायची जागा लवकर संपते. बाकीचे सगळे नुसते तापून जाते.

उन्हाळ्यात आणखी एक गोष्ट दिसते. साध्या माइल्ड हायब्रिडमध्ये एसीचा कॉम्प्रेसर इंजिनाच्या पट्ट्यावर चालतो. सिग्नलला इंजिन बंद झाले की थंडावाही थांबतो. नागपूरच्या मे महिन्यात आतली हवा लगेच तापू लागते आणि इंजिन पुन्हा सुरू होते. आतल्यांचा आराम टिकवायचा तर कोणीतरी राबत राहावे लागते. मर्सिडीजने २०१७ साली आणलेल्या सहा सिलिंडरच्या पेट्रोल इंजिनात यावर उपाय आहे. त्याला पुढचा पट्टाच नाही. कॉम्प्रेसर विजेवर चालतो. ४८ व्होल्टची १६ किलोवॅटची मोटर इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये बसते आणि २५० न्यूटन-मीटरपर्यंत टॉर्क देते. पुण्याजवळ चाकणला जुळणी होणाऱ्या एस-क्लासमध्ये हेच इंजिन आले. कडेची मोटर तिथे आत आली आहे. जागा बदलली की योग्यताही वाढते, हे कारखान्यात मान्य होते. माणसाला कडेला ठेवून त्याची योग्यता मोजण्याची पद्धत इतरत्र चालू आहे.

४८ हा आकडाही विचारपूर्वक निवडलेला. ६० व्होल्टच्या पुढे एकदिश वीज स्पर्शाला धोक्याची धरली जाते. वायरिंगला कडक सुरक्षा लागते, खर्च वाढतो. त्या मर्यादेच्या आत राहून मिळेल तेवढी ताकद घ्यायची, असा तो हिशेब. जवळ वावरणाऱ्याला इजा होणार नाही एवढेच बळ बाळगावे, हा नियम माणसांनी स्वतःला लावलेला फारसा दिसत नाही.

*

एप्रिल २०१५ मध्ये केंद्र सरकारने विजेच्या आणि हायब्रिड वाहनांना उत्तेजन देणारी फेम योजना सुरू केली. त्याच वर्षी सियाझची डिझेल माइल्ड हायब्रिड आली. तिलाही अनुदान मिळाले. २०१७ साली माइल्ड हायब्रिडचे अनुदान काढून घेतले गेले. गाड्या विकणाऱ्यांना ते कठोर वाटले. मला तो निर्णय योग्य वाटतो. जी गाडी विजेवर एक मीटरही जाऊ शकत नाही, तिला विजेच्या गाडीच्या पंगतीला बसवणे बरे नव्हते. मदतीला मदतीचे मोल द्यावे. तिला उद्धाराचे नाव दिले की पुढे तिची खरी किंमतही कोणी मान्य करत नाही. तसेच झाले. गाडीच्या पाठीवर हायब्रिड हा शब्द पाहून ज्यांनी फार अपेक्षा केली, त्यांनी नंतर ही सगळी रचनाच फसवी ठरवली. दोन्ही वेळा मोटर तीच होती आणि तेच काम करत होती.

तिच्या कामाचा पुरावा एका जागी जवळजवळ निखळ मिळतो. मारुती सुझुकीची ब्रेझा एकाच दीड लिटरच्या इंजिनासह दोन प्रकारांत विकली गेली. हाताने गिअर बदलण्याच्या साध्या प्रकाराचे प्रमाणित ॲव्हरेज लिटरला १७.३८ किलोमीटर, मोटर असलेल्याचे १९.८९. अडीच किलोमीटरचा फरक. दोन प्रकारांत इतरही लहान भेद असतात, पण या फरकाचा मोठा भाग मोटरीचा आहे.

त्यातला ढकलण्याचा वाटा थोडा असावा. प्रयोगशाळेतल्या चाचणीचे चक्र बरेचसे शहरी असते, कमाल वेग ताशी ९० किलोमीटर, आणि त्यात गाडी बराच वेळ नुसती उभी असते. मोटर त्या वेळी इंजिनाला बंद राहू देते. वीज तयार करण्याचे ओझेही ती इंजिनावरून काढून वेग उतरण्याच्या क्षणांवर टाकते. म्हणजे तिचे मोठे योगदान जोर लावण्यात नाही. दुसऱ्याला गप्प बसता येते, हे आहे.

थकलेल्या माणसाला पुष्कळ जण सल्ला देतात, उत्साह देतात. त्याला निर्धास्तपणे थांबू देणारे कोणी असेल तर त्याचे आयुष्य वाढते. थांबण्यासाठी विश्वास लागतो. बंद पडलेले पुन्हा सुरू होईल, ही खात्री लागते. कित्येक चालक गाडी सुरू होताच सिग्नलवर इंजिन बंद करणारी सोय आधी बटण दाबून काढून टाकतात. त्यांच्या मागे जुन्या गाड्यांच्या आठवणी असतात: भर चौकात बंद पडलेली गाडी, मागून वाजणारे हॉर्न. एकदा असे झालेला माणूस पुढे चांगल्या गाडीतही विसावत नाही. त्याला समजावून सांगण्यात अर्थ नसतो.

*

मोटरीचा जोर बंद पडला, पण वीज तयार करण्याचे काम चालू राहिले, तर गाडी बहुधा चालते. जुना स्टार्टर गाडी सुरू करतो. इंजिनाला आपले काम येते. डॅशबोर्डवर एखादा दिवा लागतो. चालकाला जाणवते ते एवढेच की गाडी जरा जड झाली आहे. दुसऱ्या गिअरमध्ये निघायची तिथे पहिला टाकावा लागतो. चौकातून सुटताना पाय थोडा अधिक दाबावा लागतो. पेट्रोल थोडे लवकर संपते. या सगळ्याला एक कारण आहे, हे पुष्कळ दिवस ध्यानात येत नाही.

काही माणसांच्या जाण्याने घर थांबत नाही. घर जड होते. सकाळ उशिरा सुरू होते, बोलणी चटकन तुटतात, पाहुणे कमी येतात. प्रत्येक गोष्टीला वेगळे कारण सापडते: महागाई, वय, शहर. जी व्यक्ती नाही तिच्याशी त्यांचा संबंध कोणी जोडत नाही, कारण असताना तिने दिसण्यासारखे काही केलेले नव्हते. मी असे घर आतून पाहिले आहे.

अभियंत्यांनी हे योगदान वेगळ्या रीतीने नोंदवले. मोटर आहे या भरवशावर त्यांना इंजिन लहान ठेवता आले. गिअर उंच ठेवता आले, म्हणजे तोच वेग कमी फेऱ्यांत मिळाला. कमी फेऱ्यांवर दुबळे पण कमी इंधन पिणारे इंजिन निवडण्याचे धाडस करता आले. इनसाइटचे एक लिटरचे इंजिन मोटरीशिवाय कोणी त्या रूपात घडवले नसते. मोटरीने किती दिले हे तिच्या तेरा अश्वशक्तींत सापडत नाही. इंजिनाला काय व्हावे लागले नाही, तिथे ते सापडते. मोठे इंजिन व्हावे लागले नाही, तहानलेले व्हावे लागले नाही, सतत गुरगुरत राहावे लागले नाही.

ज्याच्या पाठीशी कोणी असते त्याला कठोर व्हावे लागत नाही. त्याच्या सौम्यपणाचे श्रेय त्याच्या स्वभावाला दिले जाते.

या रचनेचा धोकाही इथेच आहे. भरवशावर लहान राहिलेले इंजिन भरवसा गेल्यावर मोठे होत नाही. इनसाइटच्या बॅटरीचेही आयुष्य मर्यादित होते, आणि जुन्या गाड्यांत ती थकू लागली. बॅटरी बदलणे खर्चाचे होते. काही मालकांनी ती बदलली. काहींनी तशीच गाडी चालवली, आणि ती चालली. ६७ अश्वशक्ती, ८९ न्यूटन-मीटर, उंच गिअर. सपाट रस्त्यावर फरक कळत नसे. चढ दिसला की आधीच एक गिअर उतरवावा लागे, आणि मागच्या वाहनाला थोडे थांबावे लागे.